धामचा फेस, हिमालयाचा प्रवाह

वर्ध्याजवळ पवनारला परमधाम आश्रमाच्या पायथ्याशी धाम नदी खडकांमधून वाहते. १९३८ साली विनोबा भावे राहायला आले ते याच काठी. पावसाळ्यात खडकांवर आपटून पाणी फेसाळतं, ते काठावरूनच निरखून पाहा. हिमालयातल्या नद्याही अशाच फेसाळतात. तीव्र उतार, अरुंद पात्र आणि वाटेतल्या शिळा यांमुळे पाण्यात हवा मिसळते आणि ते पांढरं दिसतं. अशा पाण्यात माणूस नीट तरंगत नाही, म्हणून लाइफ जॅकेट हवंच, आणि शिळांमुळे हेल्मेटही.

अशा प्रवाहात उतरायचं एक साधन म्हणजे कयाक, अरुंद, हलकी होडी. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. होडी उलटली, तर आत बसूनच ती सरळ करायला शिकावं लागतं. प्रवाहाची अवघडता १ ते ६ श्रेणींत सांगतात. हिमालयातल्या प्रवाहासाठी मित्रांसोबत ऋषिकेश गाठण्याआधी रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगचा, म्हणजे तराफ्यातून प्रवाह पार करण्याचा, अनुभव घ्या. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली आलं, की तिथे प्रवाह जोर धरतो.

प्रशिक्षकाशिवाय आणि एकट्यानं मात्र कधीही पाण्यात उतरू नका. नदीवर प्रेम करा, तिचा मानही राखा.