परागाची निवड करते कोण?

कपाशीच्या फुलातून बाहेर पडणारी मधमाशी जरा निरखून पाहावी. अंगभर पिवळी भुकटी फासलेली असते. हवेतल्या हवेत ती पायांनी अंग झाडते. पण एरवी ही भुकटी ती मागच्या पायांवर थापते, तशी इथे थापत नाही. खाली सांडून देते. मकरंद तेवढा घेऊन जाते. हा पराग बेचव किंवा विषारी असावा, असे कोणालाही वाटेल. वैसिएर आणि व्हिन्सन या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलेले कारण मात्र अगदी साधे आहे. कपाशीचा परागकण मोठा आणि काटेरी असतो, आणि त्या काट्यांमुळे त्याची गोळी नीट वळत नाही. जास्वंद आणि भेंडी याच कुळातल्या, त्यांचे परागही असेच काटेरी.

मधमाशीच्या आवडीनिवडीचा विषय इथून सुरू करायला हवा, कारण तिच्याविषयी आपली एक लाडकी समजूत आहे. फुलाफुलातून सकस तेवढेच वेचणारी चोखंदळ गृहिणी, अशी ती समजूत. प्रत्यक्षात परागाच्या सकसपणात कमालीचा फरक असतो. त्यातल्या प्रथिनांचे प्रमाण वनस्पतीगणिक अडीच टक्क्यांपासून एकसष्ट टक्क्यांपर्यंत बदलते. तरीही मक्याचा तुरा फुलला की माश्या त्यावर तुटून पडतात. ज्वारी-बाजरीच्या कणसांवरही सकाळी त्यांची वर्दळ असते. ही सगळी वाऱ्यावर परागण होणारी पिके. माशीला बोलावण्याची त्यांना गरजच नाही. मक्याच्या परागात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल कमी पडते. नुसत्या मक्यावर ठेवलेल्या वसाहतींत पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, कमी होतो आणि माश्यांचे आयुष्यही घटते, असे जर्मनीतल्या प्रयोगांत आढळले आहे. ऑस्ट्रेलियातल्या मधपाळांना हीच अडचण निलगिरीच्या काही जातींबाबत येते. तिथे आयसोल्यूसिन कमी पडते.

मग माशीला हे कळत नाही काय?

बाहेर जाणारी माशी पराग आणते, पण खात जवळजवळ नाही. तिचे इंधन म्हणजे मकरंद. पोळ्यात आल्यावर ती एखाद्या कोठडीत मागचे पाय घालते, मधल्या पायांनी दोन्ही गोळ्या ढकलून देते आणि पुन्हा बाहेर पडते. मग दुसरीच एखादी माशी येऊन डोक्याने त्या दाबून बसवते. पुढे मध आणि लाळ मिसळून तो पराग मुरतो. तो खातात त्या दाया, म्हणजे पिलाव्याला भरवणाऱ्या तरुण माश्या. त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून पाझरणारे दुधासारखे अन्न अळ्यांच्या मुखी पडते. बाजारहाट एकीने करायचा, रांधायचे दुसरीने आणि जेवायचे तिसरीने, असा हा संसार. आणलेला माल कसा निघाला, हे बाजारहाट करणारीला थेट कळायला मार्गच नाही. फुले नसतात तेव्हा माश्या पिठाची किंवा लाकडाच्या भुश्याची धूळही मागच्या पायांवर लादून आणतात, त्याचे मर्म हेच.

तरीही पोळे आंधळे नसते. पिलावा वाढला की त्याच्या गंधाने पराग आणणाऱ्या माश्यांची संख्या वाढते. साठा भरला की ती घटते. संशोधक स्कॉट कॅमाझिन यांच्या प्रयोगांवरून दिसले की, दाया प्रथिनयुक्त अन्न बाहेरच्या माश्यांनाही भरवतात आणि त्या भरवण्यातूनच पोळ्याची भूक बाहेर पोचते. कॅनडातल्या पर्नल आणि करी यांनी वसाहतींना निकृष्ट पराग दिला, तेव्हा एकेका माशीची पारख काही सुधारली नाही; पराग आणायला निघणाऱ्या माश्या मात्र वाढल्या. दर्जाची उणीव वजनाने भरून काढायची, हा त्यांचा हिशेब. याउलट इस्रायलमधल्या हेंड्रिक्स्मा आणि शाफिर यांच्या २०१६ च्या निष्कर्षांत, आधीच्या आहारात जे कमी होते ते भरून काढणारे अन्न माश्यांनी पसंत केले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर आवड ही एकट्या माशीची म्हणण्यापेक्षा पोळ्याची म्हणणे जास्त बरोबर वाटते.

थंड प्रदेशांतली केसाळ बंबलबी या बाबतीत जास्त चोखंदळ. तिच्या वसाहती लहान, बहुधा काहीशे माश्यांच्या. अमेरिकेतल्या एका जातीवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रथिने चरबीच्या साधारण पाचपट असलेल्या परागाकडे तिचा कल दिसला. युरोपातली बंबलबी तर चरबीचा अतिरेक झालेला पराग चाखून टाळते. सूर्यफुलाची गोष्ट आणखी मजेदार आहे. त्याचा पराग प्रथिनांच्या बाबतीत गरीब; पण तो खाल्ल्यावर बंबलबीच्या आतड्यातला क्रिथिडिया हा परजीवी झपाट्याने कमी होतो, असे २०१८ मध्ये समोर आले. पुढच्या संशोधनाने त्याचे श्रेय बव्हंशी परागाच्या काटेरी कवचाला दिले. कपाशीत गोळी वळू न देणारे काटे इथे औषधाचे काम करतात!

आणि अपवाद म्हणून अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातल्या काही डंखहीन माश्यांनी पराग गोळा करणेच सोडून दिले आहे. मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्या प्रथिने मिळवतात. डेव्हिड रूबिक यांनी १९८२ मध्ये ही गोष्ट जगासमोर आणली.

महाराष्ट्रात हा विषय पेटी कुठे ठेवायची इथे येऊन ठेपतो. सूर्यफूल आणि कांद्याच्या बीजोत्पादनासाठी शेतकरी मधपेट्या भाड्याने घेतात. उत्पादन वाढते, पण शेकडो एकर एकच फूल असेल तर पेटीतल्या माश्यांना रोज तेच जेवण. बांधावरची बाभूळ, बोर, शेवगा, तणात उगवलेली रानफुले यांची किंमत तिथे कळते. ती तणनाशकाने संपवून मग पेट्या मागवणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. कोकणात माड बारमाही फुलत असल्याने थोडाफार पराग मिळत राहतो. घाटमाथ्यावरचे दिवस मात्र कठीण. मुसळधार पावसात सातेरी ही देशी मधमाशी बाहेर पडू शकत नाही, साठा संपतो आणि पिलावा आक्रसतो. अशा वेळी मधपाळ साखरेचा पाक देतात. पाकातून शक्ती मिळते, प्रथिने नाहीत. म्हणून काहीजण सोयाबीनच्या पिठाचे गोळे फळ्यांवर ठेवतात. ते दाया खातात की कडेला सारतात, हे झाकण उघडून पाहिल्याखेरीज समजत नाही.