अर्धं राहिलेलं काव्य



आज एका बापलेकाची गोष्ट सांगते.
बाप म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.
मुलगा देवदत्त. घरात सगळ्यांचा दत्तू.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.
पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू त्यांना दुरावले.
लेक जिवंत आहे, पण जवळ नाही.
बापाच्या जिवाची केवढी उलघाल झाली असेल!

काही वर्षांनी घर पुन्हा एक झालं.
मायलेकांनीही बाप्तिस्मा घेतला.
दत्तू वडिलांच्या सहवासात मोठा झाला.

१९१९ साली टिळक गेले.
मागे राहिलं एक अपुरं काव्य. ‘ख्रिस्तायन’.
येशूचं चरित्र, पण आपल्या ओवीत.
टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते.

लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय लिहायला घेतले.
शाळा अशी त्यांनी पाहिलीच नव्हती.
वडिलांच्या आठवणी लिहायलाही दत्तूनेच आईला बसवलं.
तीच आपली ‘स्मृतिचित्रे’.

१९३६ साली आईही गेली.
दोन वर्षांनी देवदत्तांनी ‘ख्रिस्तायन’ छापून पुरं केलं.
वडिलांनी सुरू केलेलं मुलाने लोकांपर्यंत नेलं.
पुन्हा सांगते, वडिलांनी सुरू केलेलं मुलाने लोकांपर्यंत नेलं.
टिळकांना आपल्या दत्तूचा अभिमानच वाटला असता. मला तरी यात शंका नाही.

श्रोतेहो, तुमच्याही घरी वडिलांच्या हातची एखादी वही असेल.
येत्या रविवारी ती काढा.
आणि मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.