पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर

अभिनंदनाला त्यांनी दोन वाक्यं दिली. पदवी मिळाली, घरच्यांचे कष्ट फळाला आले, आनंद आहे. एवढं म्हणून प्रमुख पाहुण्या थेट किल्लारीच्या भूकंपावर आल्या. मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा दीक्षान्त समारंभ होता. पाहुण्या स्थापत्य अभियंता. गरिबांची घरं आणि गावांचं पाणी यांतच त्यांची तीस वर्षांहून अधिक नोकरी गेली. पुढचा जवळजवळ सगळा वेळ त्या आठवणी सांगत राहिल्या आणि सभागृह ऐकत राहिलं.

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली आणि हजारो माणसं स्वतःच्याच घराखाली गेली. पाहुण्या तेव्हा नुकत्या पदवीधर झाल्या होत्या. ढिगाऱ्यांची मोजणी करताना त्यांना जे दिसलं, ते त्यांनी परवा विद्यार्थ्यांसमोर पुन्हा उलगडून ठेवलं. भिंती अडीच-तीन फूट रुंद, पण त्यांना एकजीवपणा नव्हता. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, मधे गोटे आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुणी घातलेलाच नव्हता. हादऱ्यासरशी थर सुटे झाले आणि वर्षानुवर्षं माती टाकून जड झालेलं माळवद खाली आलं. त्याच गल्लीत खणाच्या घरांचे लाकडी खांब मात्र कितीतरी ठिकाणी उभे होते. भिंत गेली, सांगाडा राहिला.

"दोष आला दगडाच्या वाट्याला," त्या म्हणाल्या. लोकांनी दगडाची धास्ती घेतली हे त्यांना समजत होतं. डोळ्यांदेखत घरचं माणूस गेलेल्यांनी पत्र्याखाली राहणं पसंत केलं. पण शिकल्यासवरल्या अभियंत्यांनीही दगडालाच नावं ठेवावीत, आणि बांधणीत काय चुकलं हे गवंड्याला समजावून सांगायची तसदी घेऊ नये, याचा त्यांचा राग अजून ओसरलेला नाही.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर, सरळ रुंद रस्ते, एका ओळीत भूखंड. काम प्रचंड होतं, ते उभं राहिलं, आणि त्याचं श्रेय त्यांनी हातचं न राखता दिलं. मग तक्रार सुरू झाली. जुन्या गावात गल्ली होती, बोळ होता, भावकीची घरं एकमेकांना लागून होती. नव्या आखणीत शेजार विखुरला आणि गुरं कुठे बांधायची, हे बऱ्याच ठिकाणी कुणाला सुचलंच नाही. कुटुंब वाढलं तसे लोकांनी घराला खोल्या जोडल्या, आणि त्यांतल्या कित्येक भिंती पुन्हा जुन्याच रीतीने उठल्या, आरपार दगडाशिवाय. कंत्राटदार घर देऊन गेला. घर कसं उभं राहतं, हे सांगणारं माणूस गावात मागे ठेवून गेला नाही.

दुसरी गोष्ट त्याच भूकंपाची, पण तिची आठवण कमी निघते. जिथे घरं पूर्ण पडली नव्हती, अशा सुमारे अडीच हजार गावांत दोन लाखांच्या आसपास घरं घरमालकांनी स्वतः दुरुस्त केली, बळकट केली. पैसा हप्त्याहप्त्याने मालकाच्या हाती, अभियंता सल्ल्याला. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. भिंतीला भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं म्हणजे आरपार दगडाचं काम होतं. खांब-तुळईच्या सांध्याला तिरपा टेकू द्यायचा. माळवदावरची माती कमी करायची. हे त्या बायका घरोघर सांगत होत्या. एका म्हातारीने पाहुण्यांना अडवून विचारलं होतं, "बाई, माती काढली तर उन्हाळ्यात घर तापंल की. मग कुटं निजावं?" प्रश्न रास्त होता, पुस्तकात नव्हता. माती सगळी काढायची नाही, पेलेल एवढी ठेवायची, हे तिथेच बसून ठरलं. २००१ साली कच्छ हादरलं, तेव्हा लातूरकडच्या याच बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या.

इथून भाषण हापशाकडे वळलं, कारण तिथेही प्रश्न तोच होता: बांधून झाल्यावर सांभाळणार कोण?

१९६०-७०च्या दशकांत देशभर बोअर घेतले गेले आणि त्यांवर बिडाचे पंप बसले. ते परदेशी नमुन्यांची नक्कल होते, एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा हापसावेत असे. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव रांगेत. १९७०च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून कितीतरी अधिक पंप बंद सापडले. उत्तर निघालं ते जालन्यात आणि सोलापुरात, ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळांमध्ये. पोलादी पंप, दांड्याला साखळी, आणि सांडलेलं घाण पाणी पुन्हा बोअरमध्ये मुरू नये अशी घट्ट बैठक. त्या नमुन्यावरून युनिसेफ, सरकारी संशोधक आणि चेन्नईचा एक कारखाना यांनी मिळून इंडिया मार्क टू घडवला. त्यावर कुणाची मक्तेदारी ठेवली नाही, म्हणून तो आफ्रिकेतही पोचला. पुढे मार्क थ्री आला, तो तर दुरुस्तीसाठीच: वायसर बदलायला सगळे पाइप उपसावे लागू नयेत, गावातल्या माणसाला ते जमावं, एवढ्यासाठी.

"आपल्या मातीतल्या या कामाचा धडा तुमच्या अभ्यासक्रमात किती पानांचा आहे?" त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. आवाज चढला तो इथेच. या पेशात बांधणाऱ्याचा सत्कार होतो आणि दुरुस्ती पाहणाऱ्याची बदली ही शिक्षा समजली जाते, असं त्या म्हणाल्या. एका गावाची नळयोजना त्यांनी पाहिली होती: टाकी रंगवलेली, मोजमाप पुस्तिका नीट भरलेली, पूर्णत्वाचा दाखला दिलेला. फेब्रुवारीत विहीर आटली, वीजबिल थकलं, मोटारीची जोडणी तुटली. संबंधित कार्यालयाच्या नोंदीत ते गाव पुढची कित्येक वर्षं पाणी मिळालेलं गाव होतं. "बांधलं किती ते विचारू नका. आज चालतंय किती, ते विचारा." हे वाक्य त्यांनी भाषणात पुन्हापुन्हा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी मनापासून म्हटलं.

लातूरच्या दुष्काळाचा उल्लेख अर्थातच आला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरसाठी पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, नंतरच्या गाड्यांत पंचवीस लाख. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. लोकांना रेल्वे लक्षात राहिली. पाहुण्यांना आठवतो तो शहराला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा कोरडा तळ आणि लातूर जिल्ह्यातला ऊस. खाली बेसॉल्ट, पाणी मावतं ते भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. पिण्याची विहीर आणि शेजारचा उसाचा बोअर एकाच साठ्यातून ओढत असतील, तर नळ कितीही चांगला बसवा. जलजीवन मिशन २०१९पासून माणशी रोज ५५ लिटरचं आश्वासन देतं. हे आश्वासन मे महिन्यात पाळलं जावं, ही त्यांची इच्छा आहे, आणि ते काम समोर बसलेल्या पिढीचं आहे असं त्या ठामपणे मानतात.

शहरांतली घरं त्यांनी भरभर उरकली. मुंबईच्या गोवंडीतल्या पुनर्वसन इमारतींचा दाखला दिला: दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि क्षयरोगाशी याचा संबंध दाखवणारा अभ्यास २०१८ सालचा. झोपडी गेली, पक्कं घर मिळालं, हे खरंच. त्या घरात मूल खोकत असेल तर त्या आराखड्यावर सही करणाऱ्याने तिथे जाऊन उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सल्ला म्हणून त्यांनी नव्या अभियंत्यांना एकच गोष्ट सांगितली: पहिलं अंदाजपत्रक कराल, त्यात देखभाल-दुरुस्तीची रक्कम आणि ती करणाऱ्या गावातल्या माणसाचं प्रशिक्षण धरा; वरचा साहेब ती ओळ खोडेल, तुम्ही पुन्हा लिहा. महाविद्यालयाकडेही एक मागणी केली. अंतिम वर्षाचा एक प्रकल्प आसपासच्या गावांतल्या पाच-दहा वर्षं जुन्या योजना तपासण्याचा असावा. तपासणी एप्रिल-मेमध्ये व्हावी, कारण श्रावणात कुठलीही विहीर भरलेली दिसते. आणि अहवाल ग्रंथालयात जाण्याआधी त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जावा.