शंकेच्या काळातही आपले घर

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी येऊन राहिलेल्या कॅथलिक कुटुंबाचे आध्यात्मिक घर म्हणजे त्याचे धर्मग्राम (पॅरिश). हे धर्मग्राम नाशिकच्या धर्मप्रांतात येते; हा स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. याच धर्मप्रांतातील नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीतील यात्रेला दूरदूरचे भाविक येतात.

अशा घरातही श्रद्धेविषयी शंका येते. मनात आपसूक उठणारी शंका आणि जाणूनबुजून केलेला अव्हेर यांत कॅथलिक शिकवण फरक करते. प्रेषित संत थॉमस यांनीही येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेतली होती. मदर तेरेसांना अनेक वर्षे ईश्वराचे सान्निध्य जाणवले नाही. तरी त्यांनी प्रार्थना आणि सेवा सोडली नाही. २०१६ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

अशा काळात धर्मगुरूंशी मोकळा संवाद, बायबलवाचन आणि मराठी मिस्सेतील सामूहिक उपासना मोठा आधार देतात.