वर्दी आणि शहानिशा



व्याख्यानमालेत संगणकाचा विषय निघाला की श्रोत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हे आमच्या उपयोगाचे नाही. दुसरा म्हणतो, हे आमच्या मुलाला ठाऊक आहे, त्यालाच पाठवून देतो. आज दोन्ही तटांतील मंडळी येथे बसलेली दिसतात, याबद्दल आम्ही चालकांचे आणि आपले आभार मानतो. विषय लहान आहे. संगणकातील एखादी फाईल बदलली, नवी आली, नाहीशी झाली किंवा तिचे नाव पालटले, तर ते आपल्याला कळावे कसे, आणि कळल्यावर त्या बातमीवर विश्वास ठेवावा किती, एवढाच प्रश्न आहे. परंतु आज सातबारा, पासबुक, दाखले, पिकांचे पंचनामे हे सारे फायलींच्या रूपाने फिरत असल्यामुळे या लहान प्रश्नावर पुष्कळांचे पुष्कळ अवलंबून आहे.

आपण फाट्यावरची माणसे आहोत. सेलूकडची, जिंतूरकडची, मंठ्याकडची गाडी धरणारा उतारू देवगाव फाट्यावर थांबतो, आणि गाडीच्या वेळेचा भरवसा कोणीच देत नाही. अशा वेळी त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला, दर पाच मिनिटांनी सावलीतून उठावे, रस्त्यावर जाऊन दूरवर पाहावे आणि परत येऊन बसावे. दुसरा, टपरीवाल्याला सांगून ठेवावे, ‘‘गाडी दिसली की हाक मारा हो,’’ आणि स्वस्थ चहा घ्यावा.

संगणकातही हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यास पोलिंग म्हणतात. प्रोग्राम ठराविक वेळाने प्रत्येक फाईलपाशी जातो, तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहतो आणि मागच्या फेरीच्या टिपणाशी ताडून बघतो. दहा फायली असतील तर हे ठीक. दहा हजार असतील तर यंत्राचा बराच वेळ नुसत्या येरझाऱ्यांत जातो. शिवाय दोन फेऱ्यांच्या मध्ये एखादी फाईल आली आणि गेलीही, तर तिचा मागमूस राहत नाही. आपण पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत गाडी येऊन निघून गेली, तशातलाच हा प्रकार.

दुसरा मार्ग हाकेचा. कोणताही प्रोग्राम असो, त्याला फाईलमध्ये लिहावयाचे असेल तर संगणकाच्या मूळ कारभाऱ्याकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे, जावे लागते. गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण वेशीतूनच जात असेल, तर गल्लोगल्ली फिरण्यापेक्षा वेशीवर बसलेल्याला सांगून ठेवणे शहाणपणाचे. लिनक्समध्ये या कामासाठी जॉन मॅककचन आणि रॉबर्ट लव्ह यांनी तयार केलेली आयनोटिफाय ही सोय ऑगस्ट २००५ मध्ये, २.६.१३ या आवृत्तीत, आली. विंडोजची सोय निराळी आहे. मॅकवर २००७ पासून एफएसइव्हेंट्स नावाची तिसरीच आहे. तिचा विशेष असा की ती रोजनामचा राखते, त्यामुळे आपला प्रोग्राम बंद असताना काय घडले हे मागाहूनही विचारता येते.

वेशी तीन, राखणदार तीन आणि तिघांची भाषा निराळी! प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलण्याचा खटाटोप वाचावा म्हणून जाणत्या लोकांनी मधले दुभाषे तयार करून ठेवले आहेत. त्यांना लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी तिचा संबंध नाही. सुताराने प्रत्येक दाराला स्वतः बिजागरी घडवीत न बसता बाजारातून आणावी, तशी ही तयार कामाची पेटी होय. पायथन भाषेसाठी वॉचडॉग, म्हणजे राखणीचा कुत्रा, या नावाची लायब्ररी आहे; नोड या व्यवस्थेसाठी २०१२ साली निघालेली एक आहे, आणि तिचे नाव ऐकून आपणांस गंमत वाटेल. ते नाव आहे ‘चोकीदार’! हा आपला चौकीदारच होय. हिंदीतून हा शब्द घेतल्याचे तिच्या कर्त्यांनी लिहून ठेवले असून त्याचे मूळ संस्कृत ‘चतुष्क’ या शब्दात, म्हणजे चौकात, दाखविले आहे. रस्ते जेथे मिळतात तेथे चौकी आणि चौकीत राखणदार. फाट्यावरच्या माणसांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

या चौकीदाराला कामाला लावणे सोपे आहे. कोणत्या फोल्डरवर नजर ठेवावयाची ते सांगावे, आणि फाईल आली, बदलली किंवा गेली तर प्रत्येक वेळी काय करावयाचे ते लिहून द्यावे. पाच-सहा ओळींत काम होते. आधी तो फोल्डरमधील फायलींची मोजदाद करतो, ती झाली की ‘तयार’ असे कळवतो आणि मग पहाऱ्यावर बसतो. हे इतके सोपे आहे, म्हणूनच माणूस फसतो. आम्ही फसलो, ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी कागदपत्रे स्कॅन करून अर्ज पुढे पाठविणाऱ्या एका केंद्रासाठी आम्ही असा प्रोग्राम लिहून दिला होता. स्कॅनरने फोल्डरमध्ये फाईल ठेवली की चौकीदाराची हाक येई, प्रोग्राम ती तत्काळ पुढे पाठवी आणि नोंदवहीत ‘पाठवली’ असे लिही. आठवडाभर सगळे सुरळीत चालले. मग एका वृद्ध बाईंचा अर्ज कागदपत्रे अपुरी म्हणून परत आला. आम्ही नोंदवही पाहिली. तीत ‘पाठवली’ असे स्वच्छ लिहिलेले. तेव्हा बाईंनीच एखादा कागद दिला नसेल, असे आम्ही त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘म्या समदे कागद दिलते की, भाऊ.’’ दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून आणि गाडीभाडे खर्चून त्या तेच कागद घेऊन पुन्हा आल्या. मग मात्र आम्ही पुढे गेलेली फाईल स्वतः उघडून पाहिली. ती उघडेना. ती अर्धवट होती.

झाले होते ते असे. स्कॅनर फाईल एकदम ठेवीत नाही. आधी रिकामी फाईल निर्माण करतो आणि मग पान वाचले जाईल तसतसा तिच्यात मजकूर भरतो. फाईल निर्माण होताच चौकीदाराने हाक दिली, आणि ती हाक खरीच होती. ‘आली’ एवढेच तो म्हणाला होता. ‘पुरी झाली’ असे तो म्हणालाच नव्हता. आम्ही एकाचा अर्थ दुसरा घेतला, वर स्वतःच्या वहीचा पुरावा मानून एका खऱ्या माणसाला खोटे ठरवले. पहिल्या आठवड्यातील कागद एकेका पानाचे होते, म्हणून बिंग फुटले नव्हते, इतकेच.

या अनुभवानंतर आम्ही चौकीदाराच्या मर्यादा शिकलो. त्या थोडक्यात सांगतो. लिहिणाऱ्याने फाईल बंद केल्याची वर्दी आयनोटिफाय निराळी देते, ती वापरावी. चोकीदारमध्ये लिखाण पुरे होईपर्यंत थांबण्याची सोय आहे: फाईलचा आकार एरवी दोन सेकंद स्थिर राहिला की तो ती पुरी झाली असे धरतो. पण स्कॅनरमध्ये कागद अडकला तर दोन सेकंद सहज उलटतात. सर्वांत खात्रीचा उपाय लिहिणाऱ्याच्याच हाती असतो. त्याने फाईल तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पुरी झाल्यावर तिला खरे नाव द्यावे. एकाच डिस्कवर नाव पालटणे ही एका घावाची क्रिया आहे, तीत अर्धवट काही राहत नाही.

दुसरी मर्यादा पोटफोल्डरची. आयनोटिफाय एका फोल्डरवर नजर ठेवते, त्याच्या पोटातील फोल्डरवर आपोआप ठेवीत नाही. लायब्ररी तेथेही पहारा बसवते. परंतु कोणी पेनड्राईव्हवरून भरलेला फोल्डर ओतला, तर पहारा बसेपर्यंत काही फायली आत जाऊन बसलेल्या असतात. म्हणून पहारा बसल्यावर आत काय आहे ते एकदा मोजून घ्यावेच लागते. तिसरी मर्यादा गर्दीची. वर्द्यांची रांग ठराविक लांबीची असते; लिनक्समध्ये ती सामान्यतः १६,३८४ वर्द्यांची. ती भरली की पुढच्या वर्द्या गळतात, आणि ‘रांग ओसंडली’ एवढी एकच वर्दी मिळते. हा राखणदाराचा प्रामाणिकपणा समजावा. काय चुकले ते तो सांगू शकत नाही, पण काही तरी चुकले हे तो लपवीत नाही. ही वर्दी आली की सारा फोल्डर पुन्हा तपासणे, हाच एक मार्ग. चौथी मर्यादा दूरची. फोल्डर दुसऱ्या यंत्रावर असून जाळ्यातून जोडलेला असेल, तर तिकडे झालेला बदल इकडच्या आयनोटिफायला कळत नाही. तेथे जुनी पोलिंगची फेरीच कामी येते. आणि पाचवी मर्यादा सर्वांनी लक्षात ठेवावी अशी: बदल झाला हे आयनोटिफाय सांगते, कोणी केला हे सांगत नाही. तिच्या वर्दीवरून कचेरीतील एखाद्या कारकुनावर आळ घेणे हा अन्याय होईल.

आपल्याकडे महसुलाच्या दप्तरात हा विचार पूर्वीच पक्का झालेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातील कलम १४९ व १५० पाहावीत. ज्याला जमिनीत हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (२०२४ पासून या पदास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी द्यावयाची. तलाठ्याने ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, लिहावयाची. तिची प्रत चावडीत लावावयाची, आणि ज्यांचा संबंध पोचतो त्यांना लेखी कळवावयाचे. हरकत आली तर तिची निराळी नोंद, मग चौकशी. आणि अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावाचून ती नोंद हक्काच्या दप्तरात उतरत नाही. वर्दी, नोंद, जाहीर सूचना, हरकत, प्रमाणन अशा या पायऱ्या आहेत. हे काम आता संगणकावर आले, तरी पायऱ्या त्याच राहिल्या. या पायऱ्या वेळखाऊ आहेत अशी आपण तक्रार करतो, आणि ती पुष्कळदा रास्त असते. तथापि वर्दी येताच थेट सातबारा पालटू लागला, तर कोणाची जमीन कोणाच्या नावावर सकाळ-संध्याकाळ जाईल याचा विचार करावा.

आमच्या प्रोग्राममध्ये आम्ही ज्या पायऱ्या गाळल्या होत्या त्या याच. पुढे त्या घातल्या. हाक आली की फाईल पुरी होईपर्यंत थांबावयाचे, ती उघडून पाने मोजावयाची, पाने जुळली तरच पाठवावयाची, आणि पलीकडून पोच आल्यावाचून नोंदवहीत ‘पाठवली’ हा शब्द लिहावयाचा नाही. त्याखेरीज रोज रात्री एकदा सगळ्या फोल्डरची फेरी, म्हणजे तीच जुनी पोलिंग. हाक त्वरेसाठी, फेरी खात्रीसाठी; दोन्ही मार्ग एकमेकांचे सोबती आहेत, हे आम्हांला चूक केल्यावर कळले. त्या बाईंचा अर्ज दुसऱ्या खेपेस मार्गी लागला. त्यांच्या बुडालेल्या मजुरीची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही, म्हणून ती आज येथे केली.

श्रोतेहो, ज्यांना प्रोग्राम लिहावयाचे नाहीत त्यांनाही येथून एक गोष्ट नेता येईल. ‘‘संगणकात तसे दिसते’’ असे कोणी आपल्याला सांगितले, तर नम्रपणे विचारावे, ‘‘वर्दी दिसते, की कागद उघडून पाहिला?’’ आपल्या टपरीवाल्याची हाक आपण मानतोच. त्याच्यामुळे चहा निवांत घेता येतो. परंतु ‘‘गाडी आली!’’ असे तो ओरडला, तरी पायरीवर पाऊल ठेवण्यापूर्वी आपण गाडीची पाटी वाचतो. जिंतूरला जावयाचे असता मंठ्याला उतरलेला माणूस टपरीवाल्याला बोल लावू शकत नाही.