संकोच सोडा, उपाय आहे
(संस्थेच्या माता-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही जणी पदर तोंडाला लावतील. मी डॉक्टर नाही, साधा शिक्षक आहे. तरीही बोलतो, कारण माझ्या अम्मीने याविषयी 9 वर्षे तोंड उघडले नाही. खोकला आला की तिला लघवीचे थेंब गळत. तिने लग्नकार्ये सोडली, एस. टी.चा प्रवास सोडला. कपडे पाक राहिले की नाही या शंकेने नमाजातही तिचे मन लागेना. आम्हाला वाटे, वयोमानाने ती अबोल झाली! शेवटी बहिणीने तिला लेडी डॉक्टरकडे नेले. तेव्हा कळले की हे एक दुखणे आहे आणि पुष्कळ जणींना ऑपरेशनाशिवाय आराम पडतो.

खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना लघवी गळते, त्याचे मुख्य कारण बाळंतपणाने वा वयाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होणे. 1948 साली अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी यावर व्यायाम सांगितला. वारा सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो, तेच आवळून वर ओढावेत. आरंभी 3-4 सेकंद, पुढे 8-10 सेकंद. मग तितकाच वेळ सैल सोडावेत. असे 8 वेळा, दिवसातून 3 वेळा. श्वास रोखू नये, पोट व मांड्या ताणू नयेत. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नये. हा गृहपाठ किमान 3 महिने नेमाने करावा. चार दिवसांत निकाल मागू नये.

काहींना एकाएकी घाई होते, मोरी गाठेपर्यंत धीर निघत नाही. त्यांनी ठरावीक वेळेने लघवीला जावे आणि मधले अंतर 15-15 मिनिटांनी वाढवत न्यावे. असे निदान 6 आठवडे करावे. चहा कमी करावा. पाणी मात्र तोडू नये. या प्रकारावर गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

बद्धकोष्ठ व जुना खोकला यांवर इलाज करावा. वजन जास्त असल्यास उतरवावे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, 6 महिन्यांत सरासरी 8 टक्के वजन उतरवलेल्या स्त्रियांची गळती जवळजवळ निम्म्याने घटली. काहींना डॉक्टर योनीमार्गात आधाराची कडी बसवून देतात.

मात्र लघवीत रक्त, जळजळ, ताप असेल किंवा बाळंतपणानंतर सतत गळत असेल, तर व्यायामावर विसंबू नका. ताबडतोब तपासून घ्या. मधुमेहाचीही तपासणी करा.

नमाजाविषयी शंका असेल तर आलिमांना विचारा. अशा मअजूरांसाठी शरीयतमध्ये सवलत आहे.

अम्मीने 4 महिने व्यायाम केला. गळती पूर्ण थांबली नाही, पण पुष्कळ कमी झाली. मागच्या महिन्यात ती एस. टी.ने भाचीच्या लग्नाला गेली. मुलग्यांनो, तुमची आई घराबाहेर पडेनाशी झाली असेल, तर तिला रागावू नका. बहिणीला, पत्नीला तिच्याजवळ बसवा.