‘ही वेळ नाही’ असं सांगणाऱ्यांना



हिंदू आणि मुस्लिम मूलतत्त्ववादावर बोलायला उभं राहिलं की आपण बहुधा समोरच्याचा मूलतत्त्ववाद मोजत बसतो. मला आज एवढंच सांगायचं आहे की हे दोघे शत्रू म्हणून वावरतात, पण जगतात एकमेकांच्या जिवावर. आणि त्याची किंमत मोजतात दोन्ही समाजांतली दुबळी माणसं.

शाहबानोंचंच प्रकरण घ्या. इंदूरच्या या बाईंना वकील नवऱ्यानं १९७५ साली घराबाहेर काढलं. १९७८ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्या पोटगीसाठी कोर्टात गेल्या. त्याच वर्षी नवऱ्यानं तलाक दिला. खालच्या कोर्टानं महिना २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय खंडपीठानं हा निकाल कायम केला. ज्या कलम १२५ खाली पोटगी मिळाली, ते सर्वधर्मीयांना लागू होतं. निराधार बाईला रस्त्यावर येऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा हेतू.

पण ‘इस्लाम खतरे में’ अशी हाक उठली, मोर्चे निघाले. १७९ रुपयांनी धर्म बुडतो कसा, हे कुणी विचारलं नाही. सरकार झुकलं आणि १९८६ साली नवा कायदा झाला. निकालाची बाजू घेणारे आरिफ मोहम्मद खान मंत्रिपद सोडून बाहेर पडले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येत बाबरी मशिदीचं कुलूप न्यायाधीशाच्या आदेशानंतर तासाभरात उघडलं गेलं. या दोन गोष्टींचा सौदा झाला होता का, यावर वाद आहे. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. इकडे मौलवींनी विजय साजरा केला, तिकडे हिंदुत्ववाद्यांना ‘लांगूलचालन’ हा शब्द पुढची कित्येक वर्षं पुरला. पुढे ६ डिसेंबर १९९२ उजाडला. त्यानंतर मुंबईत जे घडलं, त्यात श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मेली. त्यांत ५७५ मुसलमान होते आणि २७५ हिंदू.

‘धर्म धोक्यात’ ही हाक काही मुसलमानांची मक्तेदारी नाही. हिंदू स्त्रीला वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल आलं, तेव्हा सनातन्यांनी हीच हाक दिली होती. बिल रखडलं आणि १९५१ साली डॉ. आंबेडकरांनी राजीनामा दिला. भाषा तीच, फक्त धर्माचं नाव वेगळं.

मी दोघांना एका तराजूत तोलत नाही. बहुसंख्याकांचा जमातवाद राष्ट्रवादाचा अंगरखा घालून सत्तेवर बसू शकतो. अल्पसंख्याकांचा आपल्याच वस्तीचा श्वास कोंडतो. झुंडबळीचा आणि बुलडोझरचा निषेध आपण केलाच पाहिजे, मोठ्या आवाजात केला पाहिजे. पण तो करताना घरातल्या अन्यायाबद्दल गप्प बसायचं कारण काय?

उत्तर ठरलेलं असतं: ‘ही वेळ नाही.’ हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. तेव्हाही वेळ नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २०१७ मध्ये. मधली ५१ वर्षं आपण वेळेची वाट पाहिली. मग २०१९ चा कायदा आला, नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद घेऊन. आज आपण त्या तरतुदीबद्दल तक्रार करतो आणि ती रास्तही आहे. पण आपण स्वतः बदल केला नाही, तर तो दुसऱ्याच्या हातून आणि दुसऱ्याच्या हेतूनं होतो.

म्हणून इथल्या तरुणांना माझं सांगणं आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या बाईवर अन्याय झाला तर पहिला आवाज आपला हवा. शेजारच्या वस्तीत हिंदू मुलगी आणि तिच्या मनाप्रमाणे निवडलेला जोडीदार अडचणीत असतील, तर तिथल्या समविचारी मित्रांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा. त्यांनाही आपली तितकीच गरज आहे. दोन्हीकडचे कट्टरपंथी न ठरवता एकमेकांना मदत करतात. आपण ती ठरवून करू या.